तुमचे प्रश्न : इंग्रजीची वही रोज तपासली जाते, मग इंग्रजी येत का नाही?

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहिलं होतं, की मुलं आपण शिकवलेलं शिकत नाहीत, ज्याला मार्क आहेत ते शिकतात. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. पालक आहेत, शिक्षक आहेत, एक दहावीची मुलगीसुद्धा आहे. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : ताई, माझा मुलगा आठवीत आहे, मराठी माध्यम. सहावीपर्यंत इंग्रजी निबंध मोडकातोडका का होईना पण पानभर लिहायचा. आता पाच ओळींच्या वर जात नाही. विचारलं तर म्हणतो, जास्त लिहिलं की जास्त लाल होतं. वही उघडली तर खरंच पान लालभडक, प्रत्येक शब्दाला गोल, खाली शेरा "चुका सुधार". सर चांगले आहेत, मेहनत घेतात, पण हे असंच चालू द्यायचं का? (एक आई, सांगली जिल्हा)

तुमच्या मुलाने एका वाक्यात सगळं सांगितलंय, जास्त लिहिलं की जास्त लाल होतं. त्याला आळस आलेला नाहीये, त्याने हिशेब केलाय, आणि मार्कांच्या दृष्टीने त्याचा हिशेब बरोबर आहे. "माय व्हिलेज इज स्मॉल. इट इज ब्युटिफुल. आय लाइक माय व्हिलेज." एवढं लिहिलं की चूक शून्य. पण तेच त्याने पुराच्या वेळी आजोबांनी म्हैस दावं सोडून शाळेच्या आवारात कशी नेली ते लिहायला घेतलं, तर भूतकाळ लागतो, "व्हेन" लागतं, दावं आणि आवार यांना शब्द शोधावे लागतात, आणि त्यात सहा-सात चुका होणारच. आता ह्या दोन निबंधांपैकी कुठल्या मुलाला इंग्रजी जास्त येतं? दुसऱ्याला. आणि मार्क कुणाला जास्त पडतात? पहिल्याला. असं वर्षभर चाललं की मूल सोपी, माहितीतली, तीन शब्दांची वाक्यं लिहायला शिकतं आणि आपल्याला वाटतं की त्याचं इंग्रजी सुधारलं, कारण वही स्वच्छ दिसते.

सगळ्या चुका सुधारून द्याव्यात की नाही यावर भाषा शिकवणाऱ्यांमध्ये मोठा वाद झालेला आहे. जॉन ट्रस्कॉट नावाच्या अभ्यासकाने १९९६ साली सरळ लिहिलं की परक्या भाषेतल्या लेखनात व्याकरणाच्या चुका सुधारत बसणं निरुपयोगी आहे, उलट नुकसानच करतं, ते सोडून द्या. त्यावर डेना फेरिस यांनी १९९९ला उत्तर दिलं की असं सरसकट म्हणता येणार नाही, चूक कुठली निवडली आणि ती कशी दाखवली यावर ते अवलंबून आहे. मला स्वतःला फेरिसबाईंचं पटतं, कारण आपली मुलं घरी इंग्रजी ऐकत नाहीत, चूक कुणी दाखवलीच नाही तर ती त्यांना कळणार कुठून. पण एका पानात पंचवीस गोल केले तर मूल त्यातला एकही नीट बघत नाही, हे मी वर्गात कायम पाहत आलेय. ते फक्त शेवटचा आकडा बघतं आणि वही मिटतं.

म्हणून सरांना भेटा, पण तक्रार म्हणून नको. ते पंचवीस गोल करतात म्हणजे प्रत्येक वही खरंच वाचतात, असे शिक्षक मिळणं हेच नशीब. त्यांना एवढंच विचारा, की सर, पुढचे दोन महिने याच्या निबंधात फक्त भूतकाळाची क्रियापदं तपासाल का, बाकीचं राहू दे? आणि निबंधातल्या मजकुरावर एक ओळ लिहाल का? म्हणजे "म्हैस शाळेत कशी चढवली ते अजून सांग" अशी. ती ओळ वाचून मुलाला कळतं की कुणीतरी माझं म्हणणं वाचलं, नुसतं तपासलं नाही. आणि घरी तुम्ही, इंग्रजी येत असो वा नसो, त्याला म्हणा की वाचून दाखव आणि मराठीत सांग काय लिहिलंस. स्पेलिंग बघू नका. त्याला सांगायला काहीतरी आहे ही सवय मोडू द्यायची नाही, स्पेलिंग नंतर येतं, खरंच येतं.

प्रश्न : मॅडम, मी अनुदानित माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो. नववीच्या दोन तुकड्या, एकेकीत बासष्ट मुलं, शिवाय वर्गशिक्षक, शिवाय निवडणुकीची कामं. प्रशिक्षणात सांगतात प्रत्येक मुलाला वर्णनात्मक शेरा द्या. मी शेरा लिहायचा की शिकवायचं? (एक शिक्षक, जालना जिल्हा)

सर, तुमचा राग रास्त आहे. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या कितीतरी शाळांत हीच परिस्थिती आहे आणि प्रशिक्षणात दाखवतात ती उदाहरणं पंचवीस मुलांच्या वर्गाची असतात. २०१० साली आपल्याकडे पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आकारिक (शिकता शिकता होणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारं), त्यामागचा विचार फार चांगला होता, मूल शिकत असतानाच त्याला कुठे अडतंय ते बघायचं आणि तिथेच मदत करायची. पण झालं काय, तर आकारिकच्या नोंदवह्या आल्या आणि नोंदी भरणं हेच काम होऊन बसलं. जून ते मार्च "छान प्रगती", "सराव आवश्यक" हेच दोन शेरे आलटून पालटून. त्यात शिक्षकांचा दोष मी मानत नाही, एकशेचोवीस मुलांना वेगवेगळं काय लिहिणार माणूस.

पण एक गोष्ट ऐका, मग तुम्हीच ठरवा. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ साली शाळेतल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना केलेल्या कामावर फक्त मार्क दिले, काहींना फक्त शेरा, काहींना मार्क आणि शेरा दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं आणि त्यांचा रसही टिकला. आणि ज्यांना दोन्ही मिळालं ती मुलं फक्त मार्कवाल्यांसारखीच राहिली, म्हणजे शेजारी आकडा होता म्हणून शेरा वाया गेला. म्हणजे बघा, आपण मेहनतीने शेरा लिहितो आणि त्याच्याच बाजूला दहापैकी चार लिहून तो पुसून टाकतो. (दोन्ही देणारे शिक्षक सगळ्यात जास्त कष्ट घेतात, म्हणून मला हा निष्कर्ष फार लागला होता.)

तुमच्या वर्गात काय जमेल ते सांगते. शंभर वह्यांना शंभर शेरे लिहूच नका. पत्रलेखन दिलं, वह्या आल्या, की त्या नुसत्या वाचत जा, हातात पेन नको, शेजारी एक कागद ठेवा. वीस-पंचवीस वह्यांत तुम्हाला कळतं की या वेळी वर्ग कुठे घसरलाय. बहुतेक वेळा तीनच गोष्टी असतात, "ही गोज" मधला शेवटचा "ज" गाळणं, "आय अॅम गो" असं लिहिणं, आणि पत्रात कारणच न सांगता थेट "प्लीज ग्रँट मी लीव्ह" वर येणं. दुसऱ्या दिवशी मुलांचीच पाच-सहा वाक्यं नाव न घेता फळ्यावर लिहा, काही बरोबर काही चूक, आणि वर्गालाच दुरुस्त करू द्या. मग वह्या परत द्या, मार्क न घालता, आणि पंधरा मिनिटं तेच पत्र पुन्हा लिहायला द्या. मार्क द्यायचेत ते ह्या दुसऱ्या पत्राला. ही एक गोष्ट केलीत तरी फरक दिसेल, कारण आपल्याकडे सुधारलेलं काम कुणी तपासतच नाही, चूक दाखवली की धडा संपला, पुढचा धडा सुरू. मुलाला चूक दुरुस्त करायचं कारणच मिळत नाही.

स्वतंत्र शेरा आठवड्याला दहाच वह्यांना द्या, पाळीपाळीने. तीन महिन्यांत दोन्ही तुकड्या पूर्ण होतात. बाकीच्यांना समासात नुसती खूण, काळ चुकला तर "का", स्पेलिंग चुकलं तर "स्पे", शब्द राहिला तर काकपद, चूक नक्की कुठे ते मुलाने शोधायचं. बरोबर उत्तर तुम्ही लिहून दिलंत तर तो फक्त उतरवतो.

आणि घटक चाचणीची वाट बघू नका. तासाच्या शेवटी पाच मिनिटं, पुस्तक बंद, धड्यातले आठवतात ते शब्द आणि एक वाक्य लिहा, झालं, मार्क नाही, वही शेजाऱ्याने बघायची. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ला कॉलेजच्या मुलांवर हे करून बघितलंय, उतारा पुन्हापुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा वाचण्याऐवजी आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षेने मूल मोजता येतं तसं शिकवताही येतं, मार्कांचं दडपण काढलं तर.

प्रश्न : आमच्या शाळेत दहावीच्या इंग्रजी तोंडीला सगळ्यांना १८ किंवा १९. मुलगी म्हणते तोंडी झालीच नाही, सरांनी फक्त हजेरी घेतली. मार्क मिळाले म्हणून मी गप्प बसलो. पण हे योग्य आहे का? (एक पालक, नाशिक)

योग्य नाही. पण तुम्ही गप्प का बसलात ते मला समजतं, वीस मार्कांवर कोण पाणी सोडेल.

ह्या वीस मार्कांचा इतिहास थोडा सांगायला हवा. २०१८-१९ला दहावीचा नवा अभ्यासक्रम आला तेव्हा राज्य मंडळाने भाषांचे अंतर्गत २० गुण काढून टाकले आणि शंभर मार्कांचा लेखी पेपर केला. कारण हेच, की शाळा ते मार्क वाटतात. मार्च २०१९चा दहावीचा निकाल ७७.१० टक्के लागला, आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. मोठी ओरड झाली, बाकीच्या बोर्डांच्या मुलांना अंतर्गत मार्क मिळतात मग आमची मुलं अकरावीच्या प्रवेशात मागे का, आणि पुढच्याच बॅचला ८०-२० (८० लेखी, २० अंतर्गत) परत आलं. २०२०चा निकाल ९५.३० टक्के. (त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर झाला नाही आणि सरासरीने मार्क दिले, तोही त्यात एक भाग आहे.)

वीस मार्क परत आणले ते बरं झालं असं माझं मत आहे. कारण ते काढले तर इंग्रजी बोलणं आणि ऐकून समजणं याला परीक्षेत जागाच उरत नाही, आणि ज्याला मार्क नाहीत ते शाळेत होत नाही. पण सगळ्यांना १८ देणं म्हणजेही तेच की. जी मुलगी वर्गात उभी राहून धडपडत दोन वाक्यं बोलली तिलाही १८, जिने वर्षभर तोंड उघडलं नाही तिलाही १८, मग दोघींनी काय शिकायचं त्यातून? हेच, की बोलायची गरज नाही. आणि हीच मुलं बारावीनंतर पहिल्या इंटरव्ह्यूला बसतात तेव्हा आपण म्हणतो ग्रामीण मुलांना कॉन्फिडन्स नाही. २०२३च्या 'असर' या शिक्षणविषयक पाहणीच्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना इंग्रजी वाक्यं वाचायला दिली होती, ५७.३ टक्के मुलांना ती वाचता आली. वाचता आली म्हणतेय मी, बोलणं तर लांबच राहिलं.

मार्क कमी करा असं शाळेला सांगू नका, ते कुणीच ऐकणार नाही आणि त्यात तुमच्या मुलीचं नुकसान. तोंडी खरी घ्या असं सांगा. जुलैपासून रोज तासाला दोन मुलं, दोन-दोन मिनिटं, विषय आदल्या दिवशी दिलेला, घरातलं कुणी एक माणूस, काल बघितलेली मॅच, एसटीचा प्रवास, काहीही. सरांनी तीनच गोष्टी बघायच्या, समजलं का, थांबत थांबत का होईना पण बोलणं पूर्ण केलं का, आणि मी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर दिलं का. उच्चाराला, व्याकरणाला तिथे टोकायचं नाही, बोलून झाल्यावर एकच गोष्ट सांगायची. दिवाळीपर्यंत वर्गातल्या प्रत्येकाची एक फेरी होते. मग शेवटी १८ दिले तरी ते कमावलेले १८ असतील. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत तीन-चार पालकांनी मिळून हे मांडा, एकट्याने मांडलं की तुमच्या मुलीचं नाव पुढे येतं आणि तिला ते आवडणार नाही.

प्रश्न : मी दहावीत आहे. इंग्रजीत मला सराव परीक्षेला ८० पैकी ६९ आहेत. पण मला इंग्रजी येत नाही असं मला वाटतं. कवितेचं अॅप्रिसिएशन (रसग्रहण) मी गाइडमधून पाठ करते, पत्र पाठ आहेत, पर्सनल रिस्पॉन्स (स्वतःचं मत) पण क्लासमध्ये दिलेला पाठ करते. बाकी सगळे पण हेच करतात. मी चुकीचं करते का? (एक विद्यार्थिनी, परभणी)

अगं, तू चुकीचं काही करत नाहीयेस. पेपर ज्या पद्धतीने तपासला जातो त्या पद्धतीने तू अभ्यास करतेयस, आणि तुला हे कळतंय की मार्क वेगळे आणि येणं वेगळं, ही समज फार मोठी आहे, ती जपून ठेव.

नेहमीच्या प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली ती पाठांतर कमी व्हावं म्हणून. न पाहिलेला उतारा, आपलं मत, माहितीवरून परिच्छेद, हे सगळं घोकून येऊ नये म्हणूनच त्यात आहे. पण पर्सनल रिस्पॉन्समध्ये मुलीने स्वतःच्या भाषेत काही लिहिलं आणि त्यात एक चूक झाली तर मार्क कापले जातात, आणि क्लासचं छापील उत्तर लिहिलं तर पूर्ण मिळतात, असं जिथे होतं तिथे कुठलं मूल स्वतःचं लिहील? वर्गातल्या पन्नास मुलांना एकाच कवितेत एकाच शब्दांत "अ ब्युटिफुल मेसेज" सापडतो, आणि तपासणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता तुझ्यासाठी. बोर्डाच्या परीक्षेपर्यंत पत्राचा साचा, यमकाची रचना, अलंकारांची नावं हे पाठ असू दे, साचा पाठ असण्यात काही वाईट नाही. पण कवितेचा आशय पाठ करू नकोस. कविता दोनदा वाच, पुस्तक मिट, मराठीत मैत्रिणीला सांग की कवी काय म्हणतोय, आणि मग तेच तीन साध्या इंग्रजी वाक्यांत लिही. पहिल्या वेळी गाइडपेक्षा वाईट होईल, होऊ दे. सराव परीक्षेचे जे अकरा मार्क गेले ते कुठे गेले ते एकदा बसून बघ, मला जवळजवळ खात्री आहे की ते पाठ केलेल्यात गेलेले नाहीत, न पाहिलेल्या उताऱ्यात आणि सारांशात गेलेत. तिथे घोकंपट्टी चालत नाही, म्हणजे स्वतःच्या वाक्यांची सवय लागली तर तुझे मार्क वाढतीलच, कमी होणार नाहीत. आणि तुझ्या मॅडमना एक उत्तर स्वतःचं लिहून दाखव आणि सांग की हे माझं आहे. शिक्षकांना अशी वही मिळाली की काय वाटतं ते मला माहितीये.

प्रश्न : हल्ली आठवीपर्यंत नापासच करत नाहीत म्हणून इंग्रजीचा हा बोजवारा. आमच्या वेळी पाचवीला इंग्रजी सुरू व्हायचं तरी पक्कं असायचं. (एक आजोबा, पुणे)

आजोबा, तुमच्या वेळी जे नापास होऊन शाळा सोडून गेले ते आज पत्र लिहायला नाहीत, त्यांचं इंग्रजी कुणी मोजलं नाही. २०००पासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे ज्यांच्या घरात कुणीच इंग्रजी शिकलेलं नाही ती मुलंसुद्धा आता ते शिकतायत, तेव्हा वर्ग बदललाय हे लक्षात घ्यायला हवं. आणि २०२३मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापास झाल्यास फेरपरीक्षा परत आणली आहे, त्यामुळे तुमची इच्छा अर्धी पूर्ण झालेलीच आहे. पण फेरपरीक्षेच्या आधी त्या मुलाला नेमकं कशात अडतंय ते बघून कुणी शिकवलं नाही, तर तोच पेपर पुन्हा देऊन ते कसं काय पास होणार?

प्रश्न : इंग्रजीच्या बाई पेपर वाटताना मार्क मोठ्याने वाचतात, जास्त मार्कांपासून कमीकडे. माझी सातवीतली मुलगी शेवटच्या पाचात असते. पेपर वाटायच्या दिवशी तिचं पोट दुखतं. (एक आई, कोल्हापूर)

हे थांबलं पाहिजे, आणि लगेच. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमात मुलांना मारण्याबरोबरच मानसिक त्रास द्यायलाही मनाई आहे, आणि दर चाचणीला शेवटच्या पाचांना अख्ख्या वर्गासमोर उभं करणं हा त्रासच आहे. बाईंचा हेतू वाईट नसेल, मुलं ईर्ष्येने अभ्यास करतील असं त्यांना वाटत असेल. पण वरच्या पाचांना ते कळायला जाहीर वाचनाची गरज नाही, आणि खालच्या पाचांना त्यातून एकच गोष्ट कळते, की इंग्रजी हा आपला विषय नाही. भीती बसली की ते मूल वर्गात प्रश्न विचारत नाही, न विचारल्यामुळे मागे पडतं, आणि पुढच्या पेपरला पुन्हा शेवटी.

आधी बाईंशी एकट्यात बोला, मुलीचं पोट दुखतं हे सांगा, बहुतेक शिक्षक एवढ्यावर थांबतात. नाही थांबल्या तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या. मागणी साधी ठेवा, पेपर मार्क आत येतील असा घडी घालून ज्याच्या त्याच्या हातात द्यावा, आणि ज्यांना कमी पडलेत त्यांना त्याच आठवड्यात पेपरातला एक प्रश्न बाईंसोबत बसून पुन्हा सोडवायला मिळावा. मुलीला मात्र आजच सांगा की पेपर घरी आणलास की मी आधी तुझं बरोबर आलेलं बघणार आहे, आणि तसंच करा.